गाठ नाही, पित्तही नाही. मग डोकं सारखं का दुखतं?

"मॅडम, मेंदूत गाठ तर नसेल ना? घरचे म्हणतात पित्त आहे." सोलापूरच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या 36 वर्षांच्या ताईंचा हा प्रश्न.

आधी गाठीचं. दहा वर्षं दुखणं एकाच तऱ्हेचं: अर्धं डोकं ठणकतं, उजेड-आवाज सोसत नाही, मळमळतं. कधी चार तास, कधी तीन दिवस. मधल्या दिवसांत काही नाही. ही अर्धशिशी. डॉक्टरांच्या तपासणीत काही वावगं नसेल तर स्कॅनची घाई नसते. मात्र डोकं एकाएकी भयंकर दुखलं, तापात मान आखडली, हात-पाय लुळा पडला, बोबडी वळली किंवा पन्नाशीनंतर दुखणं पहिल्यांदाच सुरू झालं, तर लगेच दवाखाना गाठायचा.

उलटीनंतर बरं वाटतं म्हणून दोष पित्तावर जातो. खरं तर मळमळ अर्धशिशीचाच भाग. त्या वेळी जठर मंदावतं, म्हणून उशिरा घेतलेली गोळी नीट लागू पडत नाही.

त्यांना महिनाभर वही ठेवायला सांगितली: तारीख, वेळ, जेवण, झोप, पाळी, गोळी. सोमवार-गुरुवारच्या उपासाला दुपारी आणि पाळीच्या तोंडावर डोकं हमखास उठत होतं. पण खरी मेख गोळीच्या रकान्यात निघाली. मेडिकलमधून आणलेली कॅफीनवाली मिश्र गोळी, महिन्यात 18 दिवस! अशी गोळी महिन्याला 10 किंवा जास्त दिवस, तीन महिन्यांवर चालली की तीच डोकेदुखी वाढवते. साधं पॅरासिटामॉल असेल तर ही मर्यादा 15 दिवसांची.

डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी थांबवली. पहिला आठवडा दुखणं वाढतं; हे आधी सांगितलं नाही तर माणूस चौथ्या दिवशी पुन्हा मेडिकल गाठतो. दुखणं वारंवार उठू नये म्हणून प्रोप्रानोलॉल हे औषध चाललं असतं, पण त्यांना दमा होता आणि दम्यात ते टाळतात. म्हणून त्याऐवजी रात्री 10 मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिन हे दुसरं औषध. तोंड कोरडं पडतं, सकाळी गुंगी राहते, आणि गुण कळायला सहा ते आठ आठवडे लागतात. बरेच जण त्याआधीच सोडून देतात.

उपास सोडा म्हटलं असतं तर सासूबाईंनी पुन्हा पाठवलंच नसतं. उपास ठेवला; दर तीन-चार तासांनी राजगिरा लाडू किंवा शेंगदाणे, आणि पाणी. डोकं उठल्यावर घ्यायची गोळी दुखण्याच्या सुरुवातीलाच, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, आठवड्यात जास्तीत जास्त दोन दिवस.