अटीतटीच्या निवडणुकीत हाताने केलेली फेरमोजणी न्याय्य असते, की तो हरणाऱ्याचा रडीचा डाव?

न्याय्य असू शकते. पण कोणतं मत धरायचं आणि कोणतं बाद, हे पहिली मतपत्रिका उचलायच्या आधी ठरलेलं हवं, आणि मोजायचं तर सगळीकडचं मोजायला हवं. २००० साली अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडा राज्यात दोन्ही हुकलं.

७ नोव्हेंबरला मतदान झालं. सुमारे साठ लाख मतांत रिपब्लिकन पक्षाचे जॉर्ज बुश डेमोक्रॅटिक पक्षाच्या अल गोर यांच्या १,७८४ मतांनी पुढे होते. फरक अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणून यंत्रांनी पुन्हा मोजलं, तर आघाडी ३२७वर आली. अनेक काउंट्यांत (म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यांत) मत द्यायचं ते टोचणीने कार्डाला भोक पाडून. पडणारा तुकडा, म्हणजे 'चॅड', कधी एका कोपऱ्याला लटकून राहतो, कधी जागच्या जागी नुसता दबतो. यंत्राच्या लेखी ते कोरं कार्ड. माणसाला मात्र खूण दिसते. त्यामुळे हाताने मोजा म्हणण्यात गैर काहीच नव्हतं.

पण गोर यांनी मागणी केली ती पाम बीच, ब्रॉवर्ड, मायामी-डेड आणि व्होल्युशिया या चारच काउंट्यांत, आणि चारही त्यांच्या पक्षाकडे झुकलेल्या. (पुढे त्यांनी राज्यभर मोजायची तयारी दाखवली, ती बुश यांनी धुडकावली.) त्यात कसोटी एकच, मोघम: मतदाराचा हेतू स्पष्ट दिसावा. पाम बीचमध्ये आधी १९९०चा नियम लावला, की तुकडा पूर्ण चिकटलेला असेल तर मत धरायचं नाही. मग ठरलं, आरपार उजेड दिसला तरी पुरे. मग परत जुना नियम, आणि शेवटी ठाम नियमच नाही. शेजारच्या ब्रॉवर्डमध्ये हात आणखी सैल. आपल्याकडे सोसायटीच्या किंवा कारखान्याच्या मतमोजणीला टेबलाशी बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. शिक्का रेषेवर पडला की तीच मतपत्रिका एकाला वैध दिसते आणि दुसऱ्याला बाद.

८ डिसेंबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यभर मोजणीचा आदेश दिला, तोही फक्त यंत्राला मत न सापडलेल्या कार्डांपुरता. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि १२ तारखेला मोजणी कायमची थांबवली. बुश ५३७ मतांनी जिंकले. काउंटीगणिक वेगळी कसोटी चालणार नाही, हे न्यायालयाचं म्हणणं मला पटतं. पण मग एक कसोटी ठरवून मोजू द्यायचं होतं. सूटर आणि ब्रायर या न्यायमूर्तींनी तेच सुचवलं होतं. गंमत म्हणजे, पुढच्या वर्षी वृत्तसंस्थांनी मिळून १,७५,०१० कार्डं तपासून घेतली, तेव्हा दिसलं की गोर यांच्या मागणीप्रमाणे मोजलं असतं तरी बुशच जिंकले असते. राज्यभरातली सगळी बाद कार्डं धरली असती, तर गोर निसटते पुढे गेले असते.

याउलट २००८ची मिनेसोटातली सिनेटची निवडणूक. रिपब्लिकन नॉर्म कोलमन २१५ मतांनी पुढे होते. राज्यभर हाताने मोजल्यावर डेमोक्रॅट अल फ्रँकन २२५ने पुढे गेले. वादातल्या मतपत्रिका पाच जणांच्या मंडळासमोर उघडपणे एकेक करून तपासल्या गेल्या. एकाने फ्रँकन यांच्या नावापुढचा गोल भरून खाली 'पालमाणसं' (लिझर्ड पीपल) असं मनचं नावही लिहिलं होतं. त्यावर गंभीरपणे चर्चा झाली आणि ते मत बाद ठरलं! कोर्टकज्जे चालले जूनअखेरपर्यंत, पण मोजणीत पक्षपात झाला असं कोर्टाला कुठे आढळलं नाही.

आपल्याकडे ईव्हीएममुळे हेतूचा प्रश्न उरत नाही. वाद असतो तो व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या किती मोजायच्या याचा. सध्या एका विधानसभा क्षेत्रामागे पाच यंत्रांच्या मोजतात. टपाली मतं मात्र अजून माणसंच बघतात. २०२४ला मुंबई उत्तर पश्चिममध्ये ईव्हीएमवर अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं धरल्यावर रवींद्र वायकर ४८ने जिंकले. त्यामुळे बाद ठरलेल्या १११ टपाली मतांवरूनही भांडण पेटलं.