सॅनवरून बूट होणारं क्लस्टर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या क्लस्टरचे दोन्ही सर्व्हर सॅनवरून (सामायिक स्टोरेजच्या नेटवर्कवरून) बूट होतात. डेटाचा लन (स्टोरेजने दिलेली डिस्क) दोघांना दिसतोच, मग बूटसाठीही एकच लन ठेवला तर?

अजिबात नको. डेटाचा लन दोघांना दिसत असला तरी एका वेळी तो कोणी वापरायचा हे क्लस्टर सॉफ्टवेअर ठरवतं. बूट डिस्कवर असा पहारेकरी नसतो. एनटीएफएस, एक्सएफएस, ईएक्सटी४ यांपैकी कोणत्याही फाइल सिस्टीमला शेजारचा सर्व्हर काय लिहितोय याचा पत्ता नसतो. दोघंही लिहू लागले की ती फाइल सिस्टीम खराब होणारच. प्रत्येक सर्व्हरला वेगळा बूट लन द्या आणि मास्किंग (लन कोणाला दिसावा याची मर्यादा) त्याच्याच एचबीएच्या, म्हणजे स्टोरेजला जोडणाऱ्या कार्डाच्या, डब्ल्यूडब्ल्यूपीएन या ओळख क्रमांकापुरतं ठेवा. जागा वाचवायची असेल तर स्टोरेजवर थिन क्लोन काढा. त्यात न बदललेले ब्लॉक एकदाच साठवले जातात.

प्रश्न : लिनक्सच्या पहिल्या नोडचा (क्लस्टरमधल्या सर्व्हरचा) बूट लन क्लोन करून तिसरा नोड उभा केला. बूट फायबर चॅनेलवरून होतं, डेटा आयएससीएसआयवर (साध्या नेटवर्कवरून डिस्क देण्याच्या पद्धतीवर) आहे. नवा नोड सुरू होताच पहिल्याचं आयएससीएसआय सेशन सारखं तुटतंय. नेटवर्क तपासलं, ठीक आहे.

नेटवर्कचा दोष नाही, ओळखीचा आहे. क्लोनबरोबर इनिशिएटरचं (डिस्क मागणाऱ्या सर्व्हरचं) नावही आलं. त्याच नावाने पुन्हा लॉगिन झालं की टार्गेटला (डिस्क देणाऱ्या स्टोरेजला) वाटतं, जुनाच सर्व्हर परत आला; मग ते आधीचं सेशन बंद करतं. पहिला नोड पुन्हा लॉगिन करतो आणि नव्याला बाहेर काढतो. हे असंच चालू राहतं.

यात खरा धोका डेटाला आहे. टार्गेटवर लनची परवानगी बहुधा नावावर दिलेली असते, त्यामुळे तुमचा नवा नोड पहिल्याच्या परवानगीने आत शिरलाय. तो आत्ताच बंद करा.

पुन्हा करताना क्रम सोडू नका. क्लोनला फक्त त्याचा बूट लन दाखवा आणि नेटवर्कची केबल काढून ठेवा. सिंगल-यूजर मोडमध्ये चढा, कोरोसिंक आणि पेसमेकर ही क्लस्टर सॉफ्टवेअर आपोआप सुरू होणं बंद करा. मग होस्टनेम, स्थिर आयपी, इनिशिएटरचं नाव, एसएसएच होस्ट की आणि मशीन-आयडी बदला. मशीन-आयडी (लिनक्सच्या त्या इन्स्टॉलेशनची ओळख) बरेच जण विसरतात. ती सारखी राहिली तर सिस्टीमडी-नेटवर्कडी ही नेटवर्क सेवा वापरणाऱ्या दोन सर्व्हरना डीएचसीपीकडून (आपोआप आयपी वाटणाऱ्या सेवेकडून) एकच आयपी मिळू शकतो. सगळं बदललं, रीबूट करून तपासलं, की मगच डेटाचे लन दाखवा. घाई असली तरी हा शेवटचा टप्पा मी कधीच आधी घेऊ देणार नाही.

प्रश्न : विंडोज क्लस्टरमध्ये बूट डिस्क आणि क्लस्टर डिस्क वेगवेगळ्या एचबीएवर हव्यात, असं आमच्या जुन्या कागदपत्रांत आहे. अजून लागू आहे का?

नाही. विंडोज २००० च्या काळात क्लस्टर डिस्कचं रिझर्व्हेशन (एका सर्व्हरचा ताबा) तोडायला बस रीसेट, म्हणजे त्या जोडणीवरच्या सगळ्या डिस्कना रीसेटचा आदेश, पाठवत, आणि त्याच बसवरच्या बूट डिस्कलाही तो धक्का बसे. २००३ मध्ये स्टोरपोर्ट ड्रायव्हर आणि रजिस्ट्रीतल्या एका नोंदीने ही अट सैल झाली. २००८ पासून स्कझी-३ पर्सिस्टंट रिझर्व्हेशन आल्यावर बस रीसेटची गरजच उरली नाही. क्लोन मात्र क्लस्टर बांधण्याआधीच्या, सिसप्रेप केलेल्या (मशीनची ओळख पुसलेल्या) इमेजवरूनच करा.

प्रश्न : क्लोन केलेला लन मूळ सर्व्हरलाच जोडला, तर एलव्हीएम (लिनक्सची डिस्क-विभागणी व्यवस्था) डुप्लिकेटची तक्रार करतं.

व्हीजीइम्पोर्टक्लोन ही कमांड चालवा, ती व्हॉल्यूम ग्रुपला नवं नाव आणि नवे यूयूआयडी (ओळख क्रमांक) देते. वर एक्सएफएस असेल तर माउंट करताना नोयूयूआयडी हा पर्याय लागेल.