शंभर टक्क्यांच्या शाळेत पासष्ट टक्क्यांची बहीण

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वडील गेल्यापासून दुकान आणि घर दोन्ही तुझ्याच अंगावर, त्यात आता धाकटीच्या आठवीची काळजी. लातूरच्या दोन शाळांची नावं लिहिलीस, दोन्हींचे निकाल नावाजलेले. आणि विचारलंस, ‘सर, ती काही फार हुशार नाही, पासष्टच्या वर जात नाही. अशा पोरीला कुठं घालू?’ दोन दिवस विचार करून लिहायला बसलोय.

आधी चौकातल्या फ्लेक्सचं बोलू. २०२५ च्या दहावीच्या निकालात राज्यात २११ मुलांना शंभर टक्के पडले, त्यातली ११३ आपल्या लातूर विभागाची. पाच उत्तम विषयांचेच गुण धरतात, चित्रकला-खेळाचे वाढीव गुणही त्यात मिळतात, तरी त्या लेकरांच्या मेहनतीचं मला कौतुकच आहे. पण त्याच निकालात राज्यातली ९४.१० टक्के मुलं पास झाली आणि लातूर, नांदेड, धाराशिव मिळून आपली ९२.७७. नऊ विभागांत आपण आठवे. शंभरला पोचणारी सगळ्यांत जास्त मुलं आपलीच, आणि नापासांचं प्रमाणही राज्यापेक्षा आपलंच जास्त. तुझी बहीण या दोन टोकांच्या मधे आहे, आणि मधल्या मुलांचा फ्लेक्स कोणी लावत नाही.

आता ‘शाळेचा निकाल शंभर टक्के’ हे कसं होतं, ते सांगतो. हे मी केलेलं आहे. मी ज्या शाळेत वर्गशिक्षक होतो, तिथं नववीच्या शेवटी कच्च्या मुलांची यादी निघायची. त्यांच्या पालकांना बोलावून सांगायचं, पोराचा दाखला घ्या आणि दहावीला बाहेरून बसवा, सतरा नंबरचा फॉर्म भरा. एका वर्षी माझ्या यादीत तांड्यावरचा एक मुलगा होता. गणितात कच्चा, पण अक्षर असं की वर्गाच्या फळ्यावरचा सुविचार रोज तोच लिहायचा. त्याचा बाप ऊसतोडीवरून नुकताच परतलेला, हाताची बोटं चिरलेली. दाखल्याच्या अर्जावर सही करताना पेन त्याच्या बोटांत नीट धरवेना. म्हणाला, ‘गुरुजी, तुमी म्हणताव तर बरंच आसंल.’ पोरगा दाराशी उभा होता, हातात खडूचा डबा तसाच. पुढच्या जूनमध्ये निकाल शंभर टक्के लागला आणि पेंटरला आकडा सांगायला मीच गेलो. तो मुलगा दहावीला बसलाच नाही, हे मला फार उशिरा कळलं. त्यानंतर मी अशा यादीवर सही केली नाही, पण ती पहिली सही काही पुसता आली नाही.

म्हणून दोन्ही शाळांत एकच प्रश्न विचार: तीन वर्षांपूर्वी आठवीचा पट किती होता आणि यंदा दहावीच्या परीक्षेला किती मुलं बसली? कोणी बदली होऊन जातं, कोणी गाव सोडतं, थोडा फरक पडणारच. पण दीडशेची एकशेदहा झाली असतील, तर ती चाळीस कुठं गेली ते समजल्याशिवाय पैसे भरू नकोस. उत्तर देताना ऑफिसातले लोक चिडले, तर तेही उत्तरच समज.

दुसरं, तुकड्या कशा पाडतात ते बघ. मार्कांवर पाडत असतील, तर ‘अ’ ला गणित कोण शिकवतं आणि ‘ड’ ला कोण, एवढं काढ. आपल्या औशाची दोन-तीन मुलं त्या शाळांत जातात, त्यांच्या घरी जाऊन बस आणि शेवटच्या तुकडीतल्या पोराची गणिताची वही मागून घे. चाळीस पानं चाळ. लाल शाईची नुसती टिकमार्क आणि खाली ‘पाहिले’ असेल, तर तिथं वही तपासली जात नाही, मोजली जाते. एखाद्या चुकलेल्या गणितापाशी कुठल्या पायरीला चुकलं तिथं गोल केलेला असेल, बाजूला ‘छेद समान कर, मग बेरीज’ असं काही लिहिलेलं असेल आणि खाली पोरानं तेच गणित पुन्हा सोडवलेलं असेल, तर ती शाळा पासष्टच्या मुलीच्या कामाची. छत्तीस वर्षं गणित शिकवून मला याहून चांगली परीक्षा सापडलेली नाही.

लातूर पॅटर्न म्हणून जे गाजलं ते मुळात अकरावी-बारावीचं. राजर्षी शाहू महाविद्यालयात प्राचार्य अनिरुद्ध जाधवांच्या काळात ते घडलं. त्यातली मला पटलेली गोष्ट म्हणजे सतत सराव परीक्षा, आणि पेपर तपासून परत हातात. तो परत आलेला पेपर बाजूला ठेवला, तर उरतो फक्त रॅंकचा कागद. तेराव्या वर्षी दर सोमवारी भिंतीवर आपला एकशेचाळिसावा नंबर वाचून कुठल्याच लेकराचा अभ्यास वाढत नाही. आठवीतच ‘नीट’चं, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचं, फाउंडेशन सांगणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही.

सेमी इंग्रजीचा विचार मात्र नीट कर. ती आतापर्यंत जिल्हा परिषदेत मराठीतून शिकली. तिला छेद कळतो, पण ‘डिनॉमिनेटर’ ऐकून ती गप्प बसेल, आणि सर म्हणतील पोरगी ढ आहे. सेमीच घ्यायचं ठरलं, तर उन्हाळ्यात आठवीचं गणिताचं पुस्तक मराठी आणि इंग्रजी दोन्ही शेजारी ठेवून वाचा. बालभारतीच्या संकेतस्थळावर दोन्ही फुकट मिळतात.

वसतिगृहाला माझा नकार आहे. गावातून शाळेत जाणाऱ्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे. ती औशाहून रोज येऊन-जाऊन करू शकते, रात्री आईजवळ झोपू शकते. औशाहून तो पास मिळतो का आणि जादा तास सुटल्यावर कोणती गाडी मिळते, तेवढं आधी स्टॅंडवर विचारून घे.

पहिल्या शाळेनं तिची प्रवेश परीक्षा घेतली आणि वेटिंगला टाकलं, याचं तुला वाईट वाटलं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात कलम १३ आहे, आठवीपर्यंत प्रवेशासाठी मुलांची अशी चाळणी लावताच येत नाही. तू भांडायला जा असं म्हणत नाही, तुला तेवढा वेळ नाही. पण तिला नापास झाल्यासारखं वाटू देऊ नकोस. दुसऱ्या शाळेतल्या बाईंनी तिला समोर बसवून ‘तुला काय करायला आवडतं गं?’ विचारलं, हे तू जाता जाता एका ओळीत लिहिलंस. माझा कल तिकडं आहे. वही बघून आलास आणि ती बरी निघाली, तर दुसरा विचार करू नकोस.

आणखी एक तू असंच लिहून गेलास: दुकानाची उधारीची वही तीच ठेवते आणि वर्षभरात एकदाही हिशेब चुकला नाही. मग तिला गणितात एकावन्न का पडतात, हे तू कोणाला विचारलंस का? मला ते बघायचंय. येत्या रविवारी चारनंतर मी घरीच आहे. तिला घेऊन ये. सातवीच्या गणिताच्या वह्या आण आणि ती उधारीची वहीही आण. शाळेबद्दल तिचं काय म्हणणं आहे, ते तुझ्या पत्रात कुठंच नव्हतं. तेही तिच्याच तोंडून ऐकू.

आईंना नमस्कार सांग.

तुझा,
सर