वाचकांचे प्रश्न : शहराचा निधी शहराचा कसा होईल?

प्रश्न : आमच्या शहरातील सामुदायिक प्रतिष्ठानाचे, म्हणजे अनेकांच्या देणग्या एकत्र ठेवून त्या शहराच्या कामांसाठी वाटणाऱ्या संस्थेचे, प्रमुखपद तीन महिन्यांपूर्वी माझ्याकडे आले. हिशेब चोख आहेत आणि ठेवीही बऱ्यापैकी आहेत. परंतु बहुतेक निधी देणगीदारांनी ठरावीक कामांसाठी बांधून दिलेला आहे, आणि लोक आम्हाला ‘मोठ्या माणसांची संस्था’ म्हणतात. ही संस्था साऱ्या शहराला आपली वाटावी यासाठी सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आपण दोन अडचणी लिहिल्या आहेत, पण दोन्हींचे मूळ एकच आहे. पैसा कशावर खर्च व्हावा हे ज्यांनी ठरवले ते एक तर आज हयात नाहीत, किंवा जिथे गरज आहे त्या वस्त्यांत त्यांचे जाणे-येणे नाही. मग त्या वस्त्यांना संस्था आपली का वाटावी?

सामुदायिक प्रतिष्ठानाची कल्पना जन्मली तीच या अडचणीवर तोड म्हणून. अमेरिकेत सेंट लुइस येथील ब्रायन मुलानफी १८५१ मध्ये वारले. पश्चिमेकडे वसायला निघालेल्या आणि वाटेत त्या शहरात अडकून पडलेल्या गरीब प्रवाशांसाठी त्यांनी आपल्या मालमत्तेचा तिसरा हिस्सा ठेवला होता. पुढे रेल्वे आली, तसे प्रवासी दिसेनासे झाले, आणि पैसा मात्र मृत्युपत्रातील शब्दांत अडकून राहिला. दात्याची चूक काहीच नव्हती. काळ पुढे गेला होता. मृत माणसाची इच्छा जिवंतांच्या गरजेवर अशी कायमची बसून राहू नये, या विचाराने क्लीव्हलँडमधील बँकेचे अध्यक्ष फ्रेडरिक गॉफ यांनी १९१४ मध्ये जगातील पहिले सामुदायिक प्रतिष्ठान उभारले. अनेकांच्या देणग्या एकत्र ठेवायच्या, गुंतवणूक बँकेने सांभाळायची, वाटपाचा निर्णय मात्र वेगळ्या नागरी समितीने घ्यायचा, आणि मूळ हेतू कालबाह्य झाला तर तो पैसा जवळच्या दुसऱ्या कामाकडे वळवण्याची मुभा समितीला द्यायची, अशी ती व्यवस्था होती.

म्हणून आपले पहिले काम कागदपत्रांतच आहे. प्रत्येक बांधील निधीचा मूळ करार काढून वाचा. हयात दात्यांना किंवा त्यांच्या वारसांना समक्ष भेटा, त्यांच्या पैशाने आजवर काय झाले ते दाखवा, आणि अट थोडी सैल करता येईल का असे मोकळेपणाने विचारा. दिलेला शब्द परस्पर मोडू नका. त्याने जो विश्वास जाईल तो कोणत्याही निधीने भरून येणार नाही. नव्या करारांत मात्र हेतू बदलण्याची तरतूद सुरुवातीपासूनच असू द्या, आणि कोणतीही अट नसलेला मुक्त निधी वेगळा उभा करा. त्यात पहिली देणगी विश्वस्तांनी स्वतः द्यावी, असा माझा आग्रह आहे.

दुसरे काम ऐकण्याचे, आणि ते पैशावाचूनही होते. क्लीव्हलँडच्या प्रतिष्ठानाकडे पहिली काही वर्षे वाटायला फारसे पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी शहराचा अभ्यास हाती घेतला. तेथील सार्वजनिक शाळांची १९१५-१६ मध्ये केलेली पाहणी २५ पुस्तिकांत प्रसिद्ध झाली, आणि शाळांतील उणिवा साऱ्या शहरासमोर आल्या. टोरोंटोच्या प्रतिष्ठानाने २००१ पासून घरे, रोजगार, आरोग्य, शिक्षण अशा बाबींत शहराची स्थिती सांगणारा अहवाल काढायला सुरुवात केली, आणि पुढे इतर अनेक शहरांनी तीच रीत उचलली. असा अहवाल हाती असला की देणगीदाराशी होणारे बोलणे त्याच्या आवडीपासून नव्हे, तर शहराच्या गरजेपासून सुरू होते.

इथे एक अनुभव सांगतो. मी एका निवड समितीवर असताना मुलांसाठी अभ्यासिका चालवणाऱ्या काही महिलांचा अर्ज आम्ही फेटाळला, कारण सोळा पानी अर्जातील अर्धे रकाने कोरे होते. पुढच्या वर्षी आम्ही प्रत्यक्ष पाहायला गेलो. त्यांनी एक वही पुढे ठेवली. तीत कोणते मूल किती दिवस आले, का आले नाही, बल्ब कधी बदलला, पेन्सिलींना किती लागले, हे सारे तारीखवार लिहिलेले होते. आमच्या अर्जाला हवी असलेली सगळी माहिती त्या वहीत होती. फक्त ती आमच्या भाषेत नव्हती. त्यानंतर अर्ज दोन पानांचा केला आणि भेट सक्तीची केली. आपणही आपला अर्ज एकदा स्वतः भरून पाहा.

निवड समितीत त्या वस्त्यांतील माणसे घ्या, तीही एकटीदुकटी नकोत, कारण एकट्या माणसाला सगळ्यांसमोर असहमती दाखवणे जड जाते. एखाद्या सदस्याचा अर्जदार संस्थेशी संबंध असेल तर चर्चेपुरते त्याने बाहेर जावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. ज्यांना नकार दिला त्यांना कारण लेखी कळवा. संस्थेबद्दलचे शहराचे मत बरेचदा नाकारलेल्या अर्जदारांच्या तोंडूनच तयार होते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माझी रक्कम फार लहान आहे. अशा प्रतिष्ठानाला ती देण्यात काही अर्थ आहे का?

उत्तर : बाई, नक्की आहे. कॅनडातील विनिपेगच्या प्रतिष्ठानाची सुरुवात १९२१ मध्ये विल्यम ॲलोवे यांच्या एक लाख डॉलरच्या देणगीने झाली. त्यानंतरची देणगी १९२४ मध्ये एका लिफाफ्यातून आली: पाच-पाच डॉलरची तीन सोन्याची नाणी आणि ‘विधवेची दमडी’ (बायबलमधील गरीब विधवेच्या छोट्याशा दानाची आठवण) एवढेच शब्द. देणारीने आपले नाव कळू दिले नाही. प्रतिष्ठान आजही त्या पंधरा डॉलरची आठवण एक लाखाच्या बरोबरीने सांगते, आणि ते मला फार योग्य वाटते, कारण त्या लिफाफ्यानंतर तो निधी एकट्या धनिकाचा उरला नाही. आपण देणगी देताना शक्य असेल तर कोणतीही अट घालू नका, आणि वार्षिक सभेला अवश्य जा. तिथे प्रश्न विचारण्याचा आपला अधिकार मोठ्या देणगीदाराइतकाच आहे.

प्रश्न : कायम निधीतून, म्हणजे मुद्दल गुंतवून कायम राखायच्या निधीतून, दरवर्षी किती खर्च करावा?

उत्तर : साधारण चार ते पाच टक्के, आणि तोही एका वर्षाच्या नव्हे तर मागील तीन वर्षांच्या सरासरी मूल्यावर काढावा, म्हणजे बाजार घसरला तरी चालू कामांचे अनुदान एकाएकी तुटत नाही. मात्र महापूर किंवा साथीसारख्या संकटात मर्यादा ओलांडण्याची तरतूद नियमांत आधीच लिहून ठेवावी, आणि ती कुणी, किती बहुमताने वापरायची हेही त्यातच नमूद करावे.