१४० फ्लायव्हील, १४ हजार डॉलर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा सल्लागार म्हणून, एकदा नुसती मजा म्हणून. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. हे गृहस्थ विस्कॉन्सिनमध्ये, मिलवॉकीजवळ राहतात. नोकरी सॉफ्टवेअरची, व्हिसा एच-१बी. शेजारचे आजोबा बोटीच्या मागे लावायच्या जुन्या इंजिनांचा, म्हणजे आउटबोर्ड मोटारींचा, आयुष्यभर जमवलेला माल विकायला काढतायत: १४० फ्लायव्हील (इंजिनावरचं मॅग्नेट असलेलं जड चाक), ठिणगी पाडणाऱ्या कॉइल-पॉइंट-कंडेन्सरची तीन खोकी, मॅग्नेटोच्या (बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या यंत्रणेच्या) प्लेटा आणि नऊ अख्ख्या मोटारी. सगळ्याचे मिळून १४,००० डॉलर. यातले ८,००० बचतीतून आणि ६,००० ४०१(के)वर, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या बचतीवर, कर्ज काढून द्यायचे, मग निवांतपणे ऑनलाइन विकत बसायचं, असा बेत आहे. घरची बचत ३१,०००, महिन्याचा खर्च ५,२००.

माझं मत: लॉट घेऊ नका. दोन मोटारी घ्या.

तुम्ही लिहिलंय की २०२० मध्ये एव्हिनरूड या आउटबोर्डचं उत्पादन थांबलं, आता सुट्या भागांना सोन्याचा भाव येणार. हे मला पटत नाही. तुमच्या खोक्यातला माल मुख्यतः पन्नास-साठच्या दशकातल्या जॉन्सन आणि एव्हिनरूडचा. पण त्यातले कॉइल, पॉइंट आणि कंडेन्सर दुसऱ्या कंपन्या आजही नवे बनवतात. त्या काळात एकच मॅग्नेटो कितीतरी मॉडेलना बसवला जायचा, त्यामुळे त्याला गिऱ्हाईकही आहे. मग तडा गेलेली सत्तर वर्षांची कॉइल तुमच्याकडून कोण घेणार? नव्या कॉइलची जी किंमत, तिच्या खालीच तुमची किंमत.

फ्लायव्हीलचं उलट आहे. ते नवं सहसा मिळत नाही, पण ते झिजतही नाही. एका मोटारीला एकच लागतं आणि ते मोटारीबरोबरच म्हातारं होतं. बदलायची वेळ येते ती नट ढिला राहून आतला टेपर (दांड्यावर बसणारं निमुळतं भोक) खराब झाला, चावीची (चाक आणि दांडा जुळवणाऱ्या छोट्या तुकड्याची) खाच फाटली किंवा मॅग्नेट फुटला तरच. म्हणजे खोक्यातला जो भाग झिजतो तो बाजारात नवा मिळतो, आणि जो मिळत नाही तो झिजत नाही. १४,००० डॉलर या दोहोंच्या मधे अडकणार.

तुमचा हिशेब १४० गुणिले ६०, म्हणजे ८,४०० नुसत्या चाकांचे. हे ६० तुम्ही लोकांनी मागितलेल्या किमतींवरून काढलेत. खरंच विकल्या गेलेल्या नगांची यादी वेगळी दिसते, ती बघा. शिवाय एक चाक चार-पाच किलोचं, त्याचं पार्सल फुकट जात नाही. साफ करणं, मॉडेल ओळखणं, फोटो, पॅकिंग असा नगामागे दीड तास धरा: २१० तास.

ओळखणं हा यातला सगळ्यात अवघड भाग. आमच्या वडिलांच्या स्कूटरचे पॉइंट मी पॉलिश पेपरनं घासलेत, त्यामुळे थोडं कळतं. टेपरवर चाक घट्ट धरून ठेवण्याचं काम टेपरच करतो. चावी फक्त जागा दाखवते. नट नीट आवळला नाही की चावी अर्धी कापली जाते, चाक थोडं सरकतं आणि ठिणगी वेळेआधी किंवा उशिरा पडते. दोरी ओढणाऱ्याच्या मनगटाला मग हिसका बसतो. पॉइंटमधली फट ०.०२० इंच ठेवायची असते. ती वाढली तर टायमिंग पुढे जातं. आणि मॅग्नेट कॉइलसमोर ज्या क्षणी हवा त्याच क्षणी पॉइंट उघडले नाहीत, तर ठिणगी मरतुकडी येते. बाहेरून जुळी वाटणारी दोन चाकं इथेच फसवतात. तुम्ही चुकीच्या मॉडेलचं म्हणून पाठवलंत तर गिऱ्हाईक आठवडाभर कार्ब्युरेटरला शिव्या घालेल आणि मग चाक परत पाठवेल. दोन्हीकडचं भाडं तुमच्या खिशातून.

पण हे सगळं जमलं तरी व्हिसाची भानगड उरतेच. एच-१बीवर तुम्ही तुमच्या कंपनीचंच काम करू शकता. विकण्यासाठी लॉट विकत घेऊन रोज दोन पार्सलं पाठवणं याला सरकार छंद म्हणणार नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत इतकी वर्षं काढल्यावर हा धोका कशासाठी घ्यायचा? "सौ.कडे एच-४चं वर्क परमिट आहे, तिच्या नावावर करू" असं तुम्ही लिहिलंय. (एच-४ म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा.) त्या परमिटवर तिला स्वतःचा धंदा करता येतो हे खरं. पण चाकं घासणारे हात तुमचे असतील तर कागदावरच्या नावाला अर्थ नाही. आणि तिला विचारलंय का? तुमच्या पत्रात तिचं एकच वाक्य आहे, "आधी गॅरेजमध्ये गाडी लावायला जागा करा." तरीही करायचंच असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला तासाभराचे पैसे द्या.

नोकरी गेली तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस. तेव्हा बचत जेमतेम साडेचार महिन्यांच्या खर्चावर आलेली, ४०१(के)चं कर्जही तेव्हाच मानगुटीवर. पुढच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीत ते भरलं नाही तर उरलेल्या रकमेवर कर, वर १० टक्के दंड. आणि गॅरेजमध्ये अर्धा टनाहून जास्त लोखंड-अ‍ॅल्युमिनियम, जे इंडियाच्या विमानात नेता येत नाही.

वर्षभर ठेवून विकलं तर कॅपिटल गेनचा कमी दर लागेल, ही आशाही सोडा. विकायला घेतलेला माल हा धंद्याचा साठा. त्याचा नफा साध्या उत्पन्नात धरतात आणि त्यावर १५.३ टक्के सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स. संग्रह म्हणून ठेवला तरी तशा वस्तूंवरचा दर २८ टक्क्यांपर्यंत जातो.

तर दोन मोटारी. एक ती १० हॉर्सपॉवरची जॉन्सन, १९४९ मध्ये गिअर आणि वेगळी पेट्रोलची टाकी घेऊन आलेल्या मॉडेलमधली. दुसरी ती फ्लायव्हीलवर मूठ असलेली जुनी एव्हिनरूड. पहिली एव्हिनरूड १९०९ साली तुमच्याच मिलवॉकीत विकायला आली, ६२ पौंडांची, ६२ डॉलरला. हे तळ्यावर चालवण्याचे पैसे आहेत, गुंतवणुकीचे नाहीत. २,५०० डॉलरच्या आत, महिन्याच्या मौजेच्या खर्चातून साठवून, बचतीला हात न लावता. उरलेल्या मालासाठी आजोबांना अँटिक आउटबोर्ड मोटर क्लबचा रस्ता दाखवा. १९६५ पासूनची संस्था आहे, तिच्या मेळाव्यांत असा माल ओळखून घेणारे भेटतात.

आणि त्या जॉन्सनचं चाक काढताना कडेला जबड्याचा पुलर (चाक ओढून काढायचं हत्यार) लावू नका. मधल्या बोल्टच्या भोकांत बसणारा पुलर मिळतो, तो आणा. त्याचे पैसेही त्या २,५००मध्येच धरा.