दोन आरएक्स १०० आणि एक व्ही: आधी क्रँककेसचं बघा, मग कोनाचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षातली तीन मुलं, हाताशी यामाहा आरएक्स १०० या टू-स्ट्रोक बाइकची दोन भंगारातली इंजिनं, आणि प्रोजेक्ट म्हणून त्यांचं दोनशे सीसीचं व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडर) करायचंय. दोन्ही कनेक्टिंग रॉड एकाच क्रँकपिनवर, म्हणजे क्रँकच्या एकाच खुंटीवर, घ्यायचं ठरलंय, कारण ‘बुलेटचे दोन सिलिंडर जोडून लोक व्ही-ट्विन करतातच की’. राहिला फक्त कोन: ४५, ६० की ९०?

कोनाचं उत्तर एका शब्दात देता येईल. पण तेवढ्यानं तुमचं इंजिन चालणार नाही.

बुलेट फोर-स्ट्रोक आहे. तिच्या पिस्टनखाली तेल उडत असतं आणि थोडी हवा इकडून तिकडे ढकलली जाते, त्याचा ताकदीशी फारसा संबंध नाही. आरएक्सच्या पिस्टनची खालची बाजू मात्र पंप आहे. पिस्टन वर जाताना कार्ब्युरेटरमधून मिश्रण क्रँककेसमध्ये ओढलं जातं आणि खाली येताना तेच दाबून ट्रान्स्फर पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या वाटांमधून, वर पाठवलं जातं. म्हणजे प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा पंप हवा आणि त्या पंपाची हवा शेजारच्या पंपात जाता कामा नये. तुम्ही दोन पिस्टन एका पिनवर, एका खोलीत, म्हणजे एकाच क्रँककेसमध्ये, आणून ठेवताय.

आता हिशोब करू. आरएक्सचा बोअर ५० मिमी, स्ट्रोकही ५०, म्हणजे एका पिस्टनची ढकल ९८ सीसी. दोन पिस्टन एकदम खाली आले तर १९६ सीसी. पण एकाच पिनवर ९० अंशांच्या व्हीमध्ये ते एकदम येतच नाहीत. एक तळाला असतो तेव्हा दुसरा अर्ध्या वाटेवर असतो. दोघांची मिळून ढकल १९६ ला कोनाच्या निम्म्याच्या कोसाइननं गुणून येते: ९० अंशांला साधारण १३९ सीसी, ६० ला १७०, ४५ ला १८१. व्ही उघडत उघडत १८० अंशांवर नेला तर शून्य, कारण एक पिस्टन जेवढी जागा खातो तेवढीच दुसरा मोकळी करतो. ‘मग ४५ घेऊ’ असं लगेच म्हणू नका. खरी गोम आकड्यात नाही, वेळेत आहे.

पहिला पिस्टन तळाशी पोचतो, त्याचे ट्रान्स्फर पोर्ट सताड उघडे असतात, त्या वेळी दुसरा अजून खाली येतच असतो. तो क्रँककेस आणखी दाबतो आणि पहिल्याला फुकटचं जेवण मिळतं. मग दुसरा तळाला येतो, त्याचे पोर्ट उघडतात, तर पहिला वर निघालेला असतो आणि खालून ओढायला लागलेला असतो. दुसऱ्याच्या ताटात येणारं मिश्रण त्याच्या डोळ्यांदेखत परत जातं. कोन कमी केला तर हा अन्याय कमी होतो, संपत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. तिशीच्या आत होतो तेव्हा एका मित्राबरोबर दोन मोपेडचे सिलिंडर मी असेच एका पिनवर चढवले होते, ९० अंशांवर. इंजिन चालू झालं, आम्ही पेढेही आणले. पण एका सिलिंडरचा सायलेन्सरचा बेंड पाणी टाकलं की चरचरायचा आणि दुसऱ्याचा हाताला जेमतेम कोमट लागायचा. प्लग काढला की काळाकुट्ट. जेट बदलले, टायमिंग बदललं, कॉइल बदलली. तीन महिने आम्ही इग्निशनच्या मागे लागलो होतो आणि दोष बसला होता पायाशी.

एकच खोली दोघांना चालते ती दोन पिस्टन बरोबरीनं आत-बाहेर करत असतील तरच. वेलोसेटच्या १९६० च्या व्हाइसरॉय स्कूटरचं टू-स्ट्रोक इंजिन समोरासमोर सिलिंडरचं होतं. अशा इंजिनात पिना १८० अंशांवर असल्यामुळे दोन्ही पिस्टन एकदम आत येतात आणि एक क्रँककेस पुरते. व्हीमध्येही पिनांमध्ये व्हीच्या कोनाइतकं अंतर दिलं तर हे साधतं, पण मग दोन्ही सिलिंडर एकदम पेटतात. मग तो एक मोठा सिंगल झाला, दोन डोकी असलेला.

म्हणून ज्यांनी ज्यांनी व्ही टू-स्ट्रोक नीट केलं त्यांनी आधी खोल्या वेगळ्या केल्या. त्याची किंमत रुंदीत मोजावी लागते. प्रत्येक सिलिंडरला स्वतःची पिन, दोन्ही बाजूंना वेब (क्रँकच्या जाड चकत्या), मध्ये बेअरिंग आणि सील. फोर-स्ट्रोक व्हीमध्ये दोन रॉड शेजारी शेजारी चिकटून बसतात, इथे दोन सिलिंडर एकमेकांपासून चांगले हातभर सरकतात. हातभर ही अतिशयोक्ती, पण क्रँक हातात घेतलात की मला का असं वाटलं ते कळेल.

रेसिंगमधली दोन उदाहरणं याच अडचणीची दोन उत्तरं आहेत. होंडानं १९७९ पासून लंबगोल पिस्टनची फोर-स्ट्रोक एनआर ५०० दामटून पाहिली, तिनं एकही ग्रांप्री जिंकली नाही. मग १९८२ मध्ये त्यांनी एनएस ५०० आणली: रीड व्हॉल्व्हची (मिश्रण फक्त आत सोडणाऱ्या पातळ पात्यांच्या झडपेची) टू-स्ट्रोक, व्हीमध्ये तीनच सिलिंडर, एक क्रँक. समोरच्या यामाहाला चार सिलिंडर होते आणि ताकदही जास्त. पण तीन सिलिंडर म्हणजे तीनच खोल्या, तेवढी सील आणि बेअरिंग कमी, इंजिन अरुंद आणि हलकं. १९८३ मध्ये होंडाच्या फ्रेडी स्पेन्सरनं यामाहाच्या केनी रॉबर्ट्सला १४४ विरुद्ध १४२ गुणांनी हरवून विजेतेपद घेतलं. दोन गुणांच्या फरकाचं श्रेय एकट्या क्रँकला देणार नाही, स्पेन्सर तेव्हा वेगळ्याच धुंदीत चालवत होता. पण कमी खोल्यांचा तो विचार मला आजही आवडतो.

यामाहाचं उत्तर उलटं. रस्त्यावरची आरडी ५०० एलसी १९८४ ची: ५० अंशांचा व्ही, चार सिलिंडर, पण क्रँक दोन. म्हणजे खरं तर दोन पॅरलल ट्विन एका कवचात घालून गिअरनं जोडलेल्या. व्ही दिसतो बाहेरून, आत कुठलाच रॉड दुसऱ्या बाजूच्या रॉडच्या शेजारी बसत नाही. रुंदी वाचली, गिअरचं वजन आणि घर्षण वाढलं. कोन एवढा अरुंद की सगळे कार्ब्युरेटर एकाच पद्धतीनं बसवायला जागा नव्हती. एका जोडीचे रीड थेट क्रँककेसमध्ये उघडतात, दुसरीचे सिलिंडरमध्ये. होंडाच्या एनएसआर ५०० चा व्ही १९८७ मध्ये ९० वरून ११२ अंशांचा झाला तो कार्ब्युरेटर व्हीच्या आत बसावेत म्हणून. बघा, जगज्जेत्या इंजिनाचा कोन कार्ब्युरेटरला जागा हवी म्हणून ठरतो आणि आपण कोनापासून सुरुवात करतो.

तुमच्यासाठी कोन ९०. कारण बॅलन्सिंगचं, आणि ते इतकं सुंदर आहे की जरा थांबून सांगतो. सिंगल सिलिंडरमध्ये वरखाली होणाऱ्या वजनाचा धक्का म्हणजे दोन फिरते धक्के, प्रत्येकी निम्मे: एक क्रँकबरोबर फिरतो, दुसरा उलटा. क्रँकच्या वेबला निम्म्या वजनाचा काउंटरवेट दिला की पहिला मरतो. दुसरा जिवंत राहतो, तोच तुमच्या हँडलला मुंग्या आणतो. आता असे दोन सिंगल ९० अंशांवर ठेवा आणि पिना एकाच रेषेत ठेवा. दोघांचे उलटे फिरणारे धक्के बरोबर विरुद्ध दिशांना येतात आणि एकमेकांना खातात. म्हणजे प्रत्येक क्रँक स्वतंत्रपणे ५० टक्क्यांवर बॅलन्स केला की काम झालं, वेगळा बॅलन्सर शाफ्ट नको. उरतं ते सिलिंडर बाजूला सरकल्यामुळे येणारं डोलणं, ते सहन होतं. होंडाच्या १९८३ च्या एमव्हीएक्स २५० मध्ये याच गणितासाठी एक गंमत केली होती. पुढे दोन सिलिंडर आणि मागे एक, म्हणून एकट्या मागच्याचं वरखाली होणारं वजन मुद्दाम वाढवलं, दोघांना तोलायला. गणित जुळलं, पण मागच्या पिस्टनवर नसता भार आला. पुढच्याच वर्षी दोन सिलिंडरची, ९० अंशांची एनएस २५० आली.

खोल्या वेगळ्या करायच्या ही अट सुटते कधी? क्रँककेसचं पंपाचं काम दुसऱ्या कुणी घेतलं की. माझी सगळी नोकरी रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये झाली, त्यामुळे हे उदाहरण मी देणारच, कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद गाठा. आपल्याकडे १९९९ पासून आलेलं मालगाडीचं डिझेल लोकोमोटिव्ह डब्ल्यूडीजी-४, जे पुढे वाराणसीला बनायला लागलं, त्यातलं अमेरिकन ईएमडी कंपनीचं ७१० हे इंजिन व्ही टू-स्ट्रोकच आहे. सोळा सिलिंडर, ४५ अंश, ४००० अश्वशक्ती. कुळे ते कॅसलरॉक या ३७ ला १ च्या चढावर दूधसागरसमोरून मालगाडी ओढतानाचा त्याचा आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना वेगळं सांगायला नको. एका सिलिंडरचं आकारमान ११.६ लिटर, म्हणजे तुमच्या आरएक्ससारखे शंभरावर सिलिंडर त्यात मावतील. यात हवा क्रँककेसमधून जातच नाही. लायनरच्या भोवती एअरबॉक्स आहे, त्यातून पोर्टनं हवा आत शिरते आणि जळलेला वायू वर हेडमधल्या चार एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून जातो. खाली फक्त तेल. म्हणून समोरासमोरचे दोन रॉड बिनधास्त एका पिनवर येतात, तेसुद्धा शेजारी नाही तर एक दुसऱ्याच्या फाट्यात, त्यामुळे सिलिंडर अजिबात सरकत नाहीत. आठ पिना, दर साडेबावीस अंशांला एक स्फोट. रेल्वेच्या जुन्या अल्को डिझेल इंजिनांतही सोळा सिलिंडर आणि ४५ अंशच, पण ते फोर-स्ट्रोक, एका फेऱ्यात आठच स्फोट.

पण असं इंजिन स्वतःहून श्वास घेत नाही. सुरू करतानाही हवा ढकलणारं कुणीतरी लागतं. ईएमडीचा टर्बो म्हणून क्लचमार्फत गिअरला जोडलेला असतो. खालच्या नॉचला (थ्रॉटलच्या खालच्या पायरीला) इंजिन त्याला फिरवतं, वर गेलं की एक्झॉस्टचा जोर वाढतो, क्लच सुटतो आणि टर्बो आपल्या पायांवर पळतो. नवा पोरगा शेडमध्ये आला की मी त्याला विचारायचो, हा टर्बो आहे की ब्लोअर? दोन्ही उत्तरं बरोबर धरायचो.

तुम्हाला ब्लोअर झेपणार नाही, तेव्हा वेगळ्या खोल्या. आरएक्सचा क्रँक प्रेसमध्ये दाबून जोडलेला असतो, रॉड अखंड आणि बिग एंडला रोलर. हे चांगलंच आहे, कारण तो उघडता येतो. दोन्ही क्रँक अख्खे ठेवा. एकाचं उजवं टोक आणि दुसऱ्याचं डावं टोक आखूड करून फ्लँजनं जोडा. मधल्या हाउसिंगमध्ये दोन बेअरिंग आणि दोन ऑइल सील, पाठीला पाठ लावून. फ्लँजला आठ बोल्ट ठेवलेत तर पिनांची स्थिती बदलून आवाज आणि थरथर कशी बदलते ते परीक्षकांना प्रत्यक्ष दाखवता येईल. जोडल्यावर सबंध क्रँक व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल गेज लावा. एक-एक क्रँक सरळ असून जोडी वाकडी निघते, आणि मग मधलं सील पंधरा मिनिटांत खलास.

मागचा सिलिंडर उलटा बसवा, म्हणजे दोन्ही कार्ब्युरेटर व्हीमध्ये येतील आणि एक्झॉस्ट मागे जाईल. तेव्हा पिस्टनही फिरवायला विसरू नका, बाण एक्झॉस्टकडे. नाहीतर रिंगचं टोक पोर्टमध्ये अडकतं. क्रँककेसमधले ट्रान्स्फरचे खाचेही त्या बाजूनं पुन्हा कोरावे लागतील. मागच्याला वारा कमी लागतो, त्याचा जेट एक नंबर मोठा ठेवून सुरुवात करा.

इग्निशनला एका कॉइलवर दोन्ही प्लग देण्याचा मोह होईल. नको. एक सिलिंडर पेटायच्या वेळी दुसरा ९० अंश मागे असतो, म्हणजे एक्झॉस्ट पोर्ट नुकताच बंद झालेला किंवा होत आलेला आणि आत ताजं मिश्रण. तिथे ठिणगी पडली तर इंजिन उलटं लाथ मारेल. दोन पिकअप, दोन सीडीआय (ठिणगीचे इलेक्ट्रॉनिक डबे). क्लच एकाच इंजिनाचा वापरणार असाल तर तो ११ अश्वशक्तीसाठी आहे, घसरणारच. रस्त्यावर नेऊ नका, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांसाठीच आहे. टेस्ट बेंचवरच चालवा.

आणि किक मारायच्या आधी एक चाचणी. दोन्ही सिलिंडरचे रीड काढून ठेवा, नाहीतर दुसऱ्या बाजूचा दाब डायलपर्यंत पोचणार नाही. मग इनलेट आणि एक्झॉस्ट रबर लावून बंद करा, ज्या बाजूला हवा भरायची तिचा पिस्टन तळाला आणा. बीपी मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि डायल एका इनलेटला जोडा, दुसऱ्या इनलेटला तसाच दुसरा डायल. पहिल्या बाजूला डायलवर २५० पर्यंत हवा भरा आणि पाच मिनिटं थांबा. पहिला काटा पडला आणि दुसरा हलला नाही, तर गळती बाहेर आहे, साबणाचं पाणी लावून शोधा. पहिला पडताना दुसरा चढायला लागला, तर मधलं सील गळतंय. इंजिन पुन्हा उघडा.