उत्तर : 'दर तिसऱ्या दिवशी'चे कोडे आणि आमचे चाळीस शेर

आपले कोडे असे आहे : एक आजोबा दर तिसऱ्या दिवशी वाचनालयात येतात, दुसरे दर चौथ्या दिवशी; आज भेटले, तर पुन्हा किती दिवसांनी भेटतील? उत्तरे १२ आणि ६ अशी दोन आली असून परीक्षक १२ वर अडून बसले आहेत. माझ्या मते दोघांनाही पूर्ण गुण द्यावेत, कारण मराठीत सोमवार धरून तिसरा दिवस बुधवारच येतो. तसे मोजल्यास अंतरे २ आणि ३ दिवसांची होतात आणि लसावि ६ येतो.

इंदूरला आमच्या गणेशोत्सवातील स्पर्धेत हाच घोळ मी घातला होता. 'एक शेरापासून मणापर्यंत, म्हणजे चाळीस शेरांपर्यंत, प्रत्येक पूर्ण शेर तोलायला कमीत कमी किती वजने लागतील?' एवढेच मी छापायला दिले. फिबोनाचीने १२०२ मध्येच मांडलेले १, ३, ९, २७ हे उत्तर मला अपेक्षित होते. प्रत्येक वजन या पारड्यात, त्या पारड्यात किंवा बाजूला, अशा ८१ मांडण्या होतात. सगळी वजने बाजूला असलेली एक वगळून, पारड्यांची नुसती अदलाबदल एकच धरली की नेमके ४० उरतात. मात्र वजने मालाच्या पारड्यातही ठेवता येतील, हे वाक्य मी गाळले. सियागंजातील किराणा दुकानात वाढलेल्या एका मुलाने सहा वजने लिहिली : १, २, ४, ८, १६, ३२. दुकानात माल एका पारड्यात आणि वजने दुसऱ्यात, हीच रीत त्याने पाहिली होती, आणि त्या रीतीने पाच वजनांत ३१ च्या पुढे जाता येत नाही हेही त्याने नीट सिद्ध केले होते. 'छापील उत्तर बदलता येत नाही' असे सांगून समितीने त्याला बाद केले. मी दोनदा लेखी विनंती केली, दोनदा तेच ऐकले. समितीचा हट्ट मला आजही अन्यायाचा वाटतो, पण मूळ चूक माझी होती, आणि तो मुलगा पुढल्या वर्षी आला नाही याची खंत अजून जात नाही.

मी गणिताचा अध्यापक नाही, तेव्हा हे केवळ अनुभवाचे मत समजावे : कोडे ज्या व्यवहारावर असेल, त्या व्यवहारातल्या माणसाकडून ते आधी सोडवून घ्यावे. मात्र सरसकट उदार होऊ नये. इंदूरहून उज्जैनला ताशी ६० किलोमीटरने जाऊन त्याच रस्त्याने ३० ने परतल्यास सरासरी ४५ म्हणणाऱ्याला मी गुण देणार नाही. तिथे शब्द स्वच्छ आहेत आणि उत्तर ४० च आहे.

निकाल जाहीर झाला नसेल, तर परीक्षकांना सोमवार ते बुधवार बोटांवर मोजून दाखवा, आणि पुढच्या वेळी कोड्यातच लिहा : '१ तारखेला आले, की नंतर ४ तारखेला येतात.'